कॅल्सिटोनिन घरी घेताना: फवारा, इंजेक्शन आणि मुदत

कॅल्सिटोनिन हे संप्रेरक आपल्या थायरॉइड ग्रंथीतही तयार होते आणि हाडे झिजवणाऱ्या पेशींना आवर घालते. औषध म्हणून मात्र सॅमन माशातील कॅल्सिटोनिनची रचना वापरतात, कारण ती मानवी कॅल्सिटोनिनपेक्षा कितीतरी अधिक प्रभावी ठरते. हल्ली ते बहुधा कृत्रिमरीत्याच बनवतात, त्यामुळे बाटलीवर माशाचे नाव वाचून शाकाहारी घरात घाबरण्याचे कारण नाही. मात्र या औषधाची पूर्वी ॲलर्जी आली असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

औषध कशासाठी दिले आहे, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे, कारण पथ्य त्यावरच ठरते. पाळी थांबल्यानंतर ठिसूळ झालेल्या हाडांसाठी ते दिले असेल, तर सोबत पुरेसे कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लागते. रक्तातील कॅल्शियम वाढल्यामुळे दिले असेल, तर त्याच गोळ्या अपायकारक ठरू शकतात. दुसऱ्या प्रकारातील उपचार सहसा रुग्णालयातच होतो. तेथे सुरुवातीला वजनाच्या दर किलोमागे 4 युनिट दर 12 तासांनी टोचतात. काही तासांत कॅल्शियम उतरू लागते, पण साधारण दोन दिवसांत शरीर औषधाला सरावते आणि गुण ओसरतो. म्हणूनच शिरेतून सलाइन देतात आणि झोलेड्रॉनिक ॲसिडसारखे सावकाश पण टिकाऊ काम करणारे औषधही सुरू करतात.

नाकाच्या फवाऱ्याची नेहमीची मात्रा दिवसातून एकदा, एकाच नाकपुडीत, 200 युनिट अशी असते. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. नवी बाटली बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी आणि पूर्ण, एकसारखा फवारा उडेपर्यंत पंप हवेत दाबावा. हे फक्त पहिल्याच वेळी करायचे असते, रोज केल्यास औषध वाया जाते. मग डोके सरळ ठेवून टोक नाकपुडीत धरावे आणि पंप एकदाच पूर्ण दाबावा. आज उजवी नाकपुडी वापरली, तर उद्या डावी वापरावी. उघडलेली बाटली बाहेर, उभी ठेवावी आणि पत्रकात दिलेली मुदत संपल्यावर टाकून द्यावी. नाकात फोड किंवा जखम झाल्यास, किंवा वारंवार रक्त येत असल्यास डॉक्टरांना नाक दाखवावे.

पेजेटच्या आजारात, म्हणजे हाडांची झीज आणि बांधणी बेताल होऊन ती वाकडी व दुखरी होतात तेव्हा, त्वचेखाली किंवा स्नायूत इंजेक्शन देतात. येथे एक चूक फार सहज होते. कॅल्सिटोनिनचे युनिट आणि इन्सुलिनच्या सिरिंजवर छापलेले युनिट एक नव्हेत. एक मिलिलिटरमध्ये 200 युनिट असलेल्या कुपीतून 100 युनिट घ्यायचे, तर अर्धा मिलिलिटर लागतो. म्हणून मात्रा नेहमी मिलिलिटरमध्ये लिहून घ्यावी आणि परिचारिकेसमोर एकदा भरून दाखवावी. द्रव गढूळ दिसल्यास वापरू नये, टोचण्याची जागा रोज बदलावी. मळमळ आणि चेहरा लाल होणे हे त्रास सुरुवातीला बरेच जणांना होतात. डॉक्टरांच्या संमतीने रात्री झोपताना टोचल्यास ते सुसह्य होतात. चेहरा किंवा घसा सुजला, श्वास अडला, तर थेट रुग्णालय गाठावे.

एखादी मात्रा चुकली आणि पुढची वेळ जवळ आली असेल, तर चुकलेली सोडून द्यावी, दुप्पट घेऊ नये. लिथियम घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना सांगावे, कारण कॅल्सिटोनिनमुळे रक्तातील लिथियमचे प्रमाण घटू शकते.

मुदतीचा प्रश्न रुग्ण क्वचितच विचारतात, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. दीर्घकाळ वापरात कर्करोगाचा धोका किंचित वाढलेला दिसल्यामुळे युरोपीय औषध संस्थेने 2012 मध्ये ठिसूळ हाडांसाठी हे औषध न वापरण्याची आणि फवारा मागे घेण्याची शिफारस केली. इतरत्र तो उपलब्ध असला, तरी वर्षानुवर्षे जुन्याच चिठ्ठीवर तो आणत राहू नये. दुसरे कोणते औषध चालेल का, हे डॉक्टरांना ठरावीक काळाने विचारावे.