प्रेसची सेफ्टी नेटवर्कला जोडताना या चुका टाळा

पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेसच्या शॉपमधली लाइट कर्टन (हात आत गेला की ओळखणारा प्रकाशकिरणांचा पडदा), गार्डचे स्विच आणि इमर्जन्सी बटणं नेटवर्कला जोडून ऑफिसातल्या स्क्रीनवर दाखवणं हे चांगलं काम आहे. कुठल्या स्टेशनवर काय चाललंय ते समजतं. मात्र ते घाईत केलं तर आधी होती तेवढीही सुरक्षितता उरत नाही, आणि ती गेल्याचं कुणाच्या लक्षातही येत नाही.

थांबवायचं काम साध्या पीएलसीवर टाकणं

ही चूक वारंवार दिसते. पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा, प्रोग्रॅम करता येणारा कंट्रोलर. लाइट कर्टनमधून दोन सेफ्टी आउटपुट निघतात. ती सेफ्टी रिलेत (स्वतःचे बिघाड तपासून सप्लाय तोडणाऱ्या खास रिलेत) जायला हवीत आणि रिलेनं क्लच-ब्रेकच्या दुहेरी व्हॉल्व्हचा सप्लाय थेट तोडायला हवा. पण पॅनेलमध्ये पीएलसी आहेच, प्रोग्रॅमही येतो, मग रिलेचा खर्च कशाला, असं म्हणून दोन्ही वायरी पीएलसीच्या साध्या इनपुटला लावल्या जातात.

पहिल्या दिवशी सगळं नीट चालतं. कर्टनमध्ये हात घातला की प्रेस थांबते, सही होते, बिल निघतं. पुढे आउटपुटच्या दोन वायरी डक्टमध्ये घासून एकमेकींना टेकतात. हे ओळखण्यासाठीच कर्टन आपली आउटपुट मिलिसेकंदाच्या आसपास बंद करून तपासत असतं. बिघाड कळला की ते दोन्ही आउटपुट बंद करतं. तेवढा भाग कर्टन सांभाळतं, पण त्यापुढचं कोण सांभाळणार? पीएलसीच्या आउटपुटवरच्या छोट्या रिलेचा कॉन्टॅक्ट चिकटला, तर कर्टन लाल होतं, स्क्रीनवर ‘स्टॉप’ उमटतं आणि स्लाइड (प्रेसचा वरखाली होणारा भाग) मात्र खाली येत राहते. सेफ्टी रिले पुढच्या कॉन्टॅक्टरचा फीडबॅक तपासतो आणि कॉन्टॅक्ट चिकटलेला असेल तर रिसेटच होऊ देत नाही. अर्थात त्या कॉन्टॅक्टरचे एनसी (एरवी जोडलेले राहणारे) कॉन्टॅक्ट फीडबॅक लूपमध्ये घेतलेले असले तरच. तिथे जंपर मारून ठेवणाऱ्या वायरमनला पॅनेलला हात लावू देऊ नये.

म्हणून थांबवायची वाट मशीनपाशी, वायरनं आणि सेफ्टी रिलेतून ठेवा. स्क्रीनसाठी रिलेचा वेगळा सहायक कॉन्टॅक्ट पीएलसीला द्या. माहिती बाहेर जावी, हुकूम आत येऊ नये. तपासणी सोपी आहे: नेटवर्कची केबल उपटा, पीएलसी बंद करा, मग टेस्ट रॉडनं कर्टन अडवा. प्रेस तेवढ्याच वेळात थांबली पाहिजे. रॉडऐवजी हात कधीच वापरू नका.

सेफ्टी पीएलसी आणि प्रोफीसेफ किंवा सीआयपी सेफ्टी (सुरक्षेसाठी बनवलेले नेटवर्क प्रोटोकॉल) असेल तर नेटवर्कवरून थांबवता येतं. तिथे प्रत्येक संदेशाची तपासणी होते आणि संदेश वेळेत आला नाही तर आउटपुट आपोआप बंद होतं. पण मग पुढची चूक हमखास होते.

कर्टन जुन्याच ब्रॅकेटवर ठेवणं

कर्टन डायपासून (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यापासून) किती लांब हवं हे प्रेस थांबायला लागणाऱ्या एकूण वेळेवर ठरतं. आयएसओ १३८५५ या सुरक्षित अंतराच्या मानकाचा हिशोब असा: हाताचा वेग सेकंदाला २००० मिमी धरा, त्याला एकूण वेळेनं गुणा आणि कर्टनच्या रिझोल्यूशननुसार (ते किती बारीक वस्तू ओळखतं त्यानुसार) भर घाला. १४ मिमीच्या कर्टनला भर शून्य, ३० मिमीच्याला १२८ मिमी.

समजा प्रेसला थांबायला १६० मिलिसेकंद, कर्टनला १५ आणि रिलेला २० लागतात. एकूण १९५, म्हणजे १४ मिमीच्या कर्टनसाठी अंतर ३९० मिमी. आता रिले काढून सेफ्टी नेटवर्क आणलं आणि पीएलसी व वॉचडॉग (संदेशाची वाट बघण्याची कमाल मुदत) धरून रिलेच्या २० च्या जागी १२० मिलिसेकंद आले. एकूण २९५, अंतर ५९० मिमी. उत्तर ५०० च्या वर गेलं की १६०० चा वेग धरून पुन्हा मांडता येतं. ते ४७२ येतं, पण अशा वेळी ५०० च्या खाली जायचं नाही. म्हणजे ब्रॅकेट किमान ११० मिमी मागे सरकायला हवं. स्क्रीन बसवणारा ब्रॅकेटकडे बघत नाही आणि मेंटेनन्सवाल्याला वॉचडॉग ठाऊक नसतो, म्हणून ते जागचं हलत नाही.

थांबण्याचा वेळ मशीनच्या कागदावरून घेऊ नका. ब्रेक लायनिंग झिजलं की तो वाढतो. स्टॉप-टाइम मीटर लावून, सगळ्यात जड डाय चढवून, क्रँक ९० अंशांजवळ असताना दहा वेळा मोजा आणि सगळ्यात वाईट आकडा धरा. लायनिंग बदललं की पुन्हा मोजा.

की-क्लचच्या जुन्या प्रेसवर हा सगळा हिशोब व्यर्थ आहे. स्ट्रोक एकदा सुटला की तो मधे थांबत नाही. तिथे कर्टन नको, हात शिरणारच नाही असा फिक्स्ड गार्ड हवा.

जुनाच हिरवा दिवा

गेटवे (मशीनकडची माहिती ऑफिसच्या नेटवर्कवर पोचवणारा डबा) बंद पडला तरी स्क्रीनवर शेवटची नोंद हिरवी राहते. प्रत्येक स्टेशनकडून दर सेकंदाला वाढणारा आकडा घ्या. तीन सेकंद आकडा हलला नाही तर चौकोन राखाडी करून हूटर द्या. सिग्नल एक म्हणजे ठीक, शून्य म्हणजे धोका, असाच ठेवा. मग तुटलेली वायरही धोकाच दाखवते.

बाकीच्या, थोडक्यात

रिसेट बटण गार्डच्या आतून हाताला लागता कामा नये, आणि ते दाबणाऱ्याला आतली सगळी जागा दिसली पाहिजे.

इमर्जन्सी बटण ओढून सोडलं की मशीन आपोआप सुरू होऊ नये. वेगळा स्टार्ट द्यावा लागला पाहिजे.

कॉन्टॅक्टवाले पाच-सहा दरवाजा-स्विच सिरीजमध्ये जोडू नका. एकातला बिघाड दुसरा दरवाजा उघड-बंद केल्यावर झाकला जातो.

स्टेशनं जोडणाऱ्या आरएस-४८५ केबलच्या फक्त दोन टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावा, प्रत्येक स्टेशनला नाही.

सगळ्या स्टेशनांची घड्याळं एकाच वेळेवर ठेवा, नाहीतर आधी काय उघडलं आणि नंतर काय थांबलं हे कधीच कळणार नाही.

बायपास शोधायला नेटवर्क उपयोगी पडतं, पण ‘बायपास’ असा सिग्नल कुठूनच येत नाही. स्विचपाशी जादा मॅग्नेट चिकटवलेला दरवाजा स्क्रीनवर नेहमी बंदच दिसतो. म्हणून दरवाजा किती वेळा उघडला ते शिफ्टप्रमाणे मोजा आणि डाय बदलल्याच्या नोंदीशी ताडून पाहा. डाय दोनदा बदलली आणि दरवाजा एकदाही उघडला नाही, तर पुढच्या स्ट्रोकच्या आधी त्या स्टेशनवर जाऊन स्विच डोळ्यांनी बघा.