अप्पांची कोरियातली डॉक्टरकी कशी लिहून घेतली

घरात लष्करातून निवृत्त झालेले डॉक्टर असतील आणि त्यांनी युद्धकैदी जवळून पाहिले असतील, तर ते बोलू शकतात तोवर लिहून घ्या. माझे वडील, अप्पा, १९५३-५४ मध्ये भारतीय कस्टोडियन फोर्सबरोबर, म्हणजे कोरियन युद्ध थांबल्यावर युद्धकैदी सांभाळायला गेलेल्या भारतीय फौजेबरोबर, कोरियात डॉक्टर होते. सोलापूरला, आमच्या रेल्वे लाइन्समधल्या घराच्या ओसरीवर मी त्यांच्याकडून जे लिहून घेतलं, त्यातून शिकलेलं सांगते.

आधी स्वतः वाचा. मी न वाचता बसले आणि पहिल्याच दिवशी चूक केली. अप्पा म्हणाले, "इंचॉन बंदराहून आम्हाला हेलिकॉप्टरनं नेलं." मी मध्येच बोलले, "अप्पा, १९५३ साली अख्खी फौज हेलिकॉप्टरनं?" ते गप्प झाले. पुढचे तीन दिवस त्यांनी विषय काढला नाही. नंतर वाचलं तर ते खरंच होतं. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायला तयार नव्हते, म्हणून त्यांना हवेतून थेट दोन्ही कोरियांमधल्या निर्लष्करी पट्ट्यात उतरवलं होतं. मी अप्पांची माफी मागितली, मग गाडी पुढे सरकली.

पार्श्वभूमी एवढी तरी हवी: १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे लढाई थांबली की कैद्यांना सोडून मायदेशी पाठवायचं. पण कैद्यालाच जायचं नसेल तर? १९४५ मध्ये ब्रिटिशांनी ऑस्ट्रियात लिएंझला कोसॅकांना, म्हणजे जर्मनांच्या बाजूनं लढलेल्या रशियातल्या घोडेस्वारांना, मारून-ओढून सोव्हिएतांच्या हवाली केलं होतं. कोरियात याच प्रश्नावर तहाची बोलणी वर्षाहून जास्त अडली. शेवटी घरी जायला नकार देणारे बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियाई कैदी भारतीय फौजेच्या ताब्यात आले. या कैद्यांसाठी नेमलेल्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, फौजेचे प्रमुख आपले मेजर जनरल थोरात. मायदेशाच्या अधिकाऱ्यांनी नव्वद दिवसांत कैद्यांना समजावून सांगायचं, बळजबरी कुणी करायची नाही, असं ठरलं होतं.

"काय अनुभव आला?" असं विचारू नका. अप्पांचं ठरलेलं उत्तर होतं, "ड्यूटी होती." हाताचं काम विचारा. मी विचारलं, सकाळी तंबूत गेल्यावर पहिलं काय करायचात? "बादलीतला बर्फ फोडायचा. मग स्टोव्ह पेटवून सिरिंजा उकळायच्या." तिथून तो मुलगा आला. न्यूमोनियाचा चिनी पेशंट, वीसही वर्षांचा नसेल. स्ट्रेचर आणल्यावर त्यानं तंबूचा खांब दोन्ही हातांनी धरला. इस्पितळाच्या नावाखाली आपल्याला उत्तरेकडे पोचवतील, असं त्याला वाटत होतं. शिपायानं विचारलं, "साब, खींच लें?" अप्पांनी स्ट्रेचर बाहेर पाठवलं आणि तिथेच जमिनीवर ब्लँकेट टाकून दोन रात्री पेनिसिलीन दिलं. "त्याची बोटं एकेक करून सोडवता आली असती, ताई. नाही सोडवली." हे सांगताना अप्पांची स्वतःची मूठ वळलेली होती. असं काही दिसलं तर वहीत समासात लिहा, रेकॉर्डिंगमध्ये ते येत नाही.

तारखा सणांवरून काढा. कैदी कधी सुटले हे अप्पांना आठवेना. "गड्डा होऊन गेला होता का?" (म्हणजे आमच्या सोलापूरची संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा) म्हटल्यावर लगेच म्हणाले, "संक्रांतीनंतर आठवडाभरानं." नोंदीत २० जानेवारी १९५४ आहे.

मोठा प्रश्न शेवटी ठेवा आणि एकदाच विचारा. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या आठव्या मार्ग सेनेच्या जखमींवर उपचार करता करता १९४२ मध्ये तिथेच वारले. तुमच्या पुढ्यातले चिनी तर त्याच पक्षाच्या राज्यात परत जायला नकार देत होते. मग काय वाटायचं? अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. रेकॉर्डर चालू राहू द्या. मग म्हणाले, "कोटणीसांनीही आधी नाडीच बघितली असती."

पत्रं लॅमिनेट करू नका, पाकिटंही टाकू नका, शिक्क्यावर तारीख असते. न सुटलेले प्रश्न वहीच्या मागच्या पानावर उतरवा. माझ्या वहीत तिथे एकच आहे: दोन्ही बाजू नाकारून ८८ जण आपल्या फौजेबरोबर भारतात आले, त्यांत तो मुलगा होता का? अप्पांनाही ते कधी कळलं नाही.