काटा अर्ध्यावर, टाकी रिकामी

काटा अर्धी टाकी दाखवत होता, म्हणून मी बिनधास्त बोट लांबवर नेली. परतीच्या वाटेवर इंजिनाने दोनदा आचका दिला आणि बंद पडलं. वल्हं मारत काठाला येईपर्यंत त्या मीटरला मी मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या. नवीन मीटर आणून बसवलं, किल्ली फिरवली, तर काटा पुन्हा अर्ध्यावर! मीटर बिचारं निर्दोष होतं. आता मी आधी तपासतो, खरेदी नंतर.

प्रकार सोपा असतो. टाकीत सेंडर, म्हणजे इंधनाची पातळी मीटरला कळवणारा भाग असतो आणि त्याच्या दांड्याला फ्लोट, म्हणजे इंधनावर तरंगणारा तुकडा. इंधन उतरलं की फ्लोट उतरतो आणि सेंडरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) बदलतो. मीटर तो रेझिस्टन्स ओळखून काटा हलवतं. अमेरिकी पद्धतीच्या सेंडरमध्ये टाकी रिकामी असताना साधारण २४० ओहम आणि भरलेली असताना ३३ ओहम मिळतात. युरोपीय पद्धतीत रिकाम्या टाकीला १० आणि भरलेल्या टाकीला १८०. मीटर एका पद्धतीचं आणि सेंडर दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर तुम्ही काहीही दुरुस्त करा, काटा खोटंच बोलणार. बोट जुनी घेतलेली असेल तर ही शंका आधी फेडून घ्या.

पेट्रोलची बोट असेल तर हात लावण्यापूर्वी झाकणं उघडा, ब्लोअर (वाफ बाहेर फेकणारा पंखा) निदान चार मिनिटं चालू ठेवा आणि नाकाने खात्री करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत, खाली साचून बसते. वास येत असेल तर त्या दिवशी वायरींना हात लावायचा नाही. आधी गळती शोधायची.

आता मीटरच्या मागे या. तिथे तीन टर्मिनल दिसतील: आय (I) म्हणजे किल्लीतून येणारा प्लस, एस (S) म्हणजे सेंडर, जी (G) म्हणजे अर्थ, म्हणजेच बॅटरीच्या निगेटिव्हकडे जाणारी जोडणी. बऱ्याच बोटींत सेंडरची वायर गुलाबी, किल्लीची जांभळी आणि अर्थची काळी असते. अर्थात आधीच्या मालकाने हाताला लागेल ती वायर जोडलेली असू शकते, तेव्हा रंगावर जाऊ नका, टर्मिनलवरचं अक्षर वाचा.

किल्ली बंद करून एसवरची वायर काढा आणि किल्ली चालू करा. अमेरिकी मीटरचा काटा रिकाम्यावर जायला हवा. किल्ली पुन्हा बंद करा, एस आणि जी एका आखूड वायरीने जोडा, मग चालू करा. आता काटा भरलेल्यावर जायला हवा. (युरोपीय मीटरमध्ये हे सगळं उलट.) आखूड वायर नेहमी किल्ली बंद असतानाच जोडायची आणि काढायची, म्हणजे ठिणगीचा प्रश्न येत नाही. काटा दोन्ही वेळा बरोबर गेला तर मीटर चांगलं आहे. गेला नाही तर किल्ली चालू ठेवून आय आणि जीमध्ये मल्टिमीटरने (व्होल्टेज आणि ओहम मोजायचं यंत्र) व्होल्टेज मोजा. बारा व्होल्टच्या आसपास आलं आणि काटा तरी हलत नसेल, तरच नवीन मीटर. व्होल्टेज आलं नाही तर मल्टिमीटरची काळी टोकणी जीवरून काढून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता बारा दिसले तर अर्थ गेलाय. तरीही नाही दिसले तर फ्यूज आणि किल्लीकडची वायर बघा.

पुढची चाचणी माझी सगळ्यात लाडकी, कारण त्यात टाकी उघडावीच लागत नाही. किल्ली बंद ठेवा, एसची वायर सुटीच राहू द्या आणि ती वायर व जी यांच्यामध्ये ओहम मोजा. टाकीतल्या इंधनाला साजेसा आकडा आला तर वायर, सेंडर, अर्थ सगळं ठीक. आकडाच येत नसेल तर सेंडरपाशी जा, वायर सोडवा आणि थेट सेंडरच्या दोन टोकांमध्ये मोजा. तिथे आकडा आला तर मधली वायर किंवा अर्थ तुटलाय. अर्थच्या रिंगवर हिरवट पूड दिसली की समजा, चोर सापडला. ती पॉलिश पेपरने घासून उपयोग नाही. वायर चकचकीत तांबं दिसेपर्यंत कापा आणि नवी रिंग क्रिंप करा, म्हणजे पक्कडीने दाबून घट्ट बसवा.

माझ्या बोटीत या चाचणीत १०० ओहमच्या आसपास आकडा येत होता. म्हणजे टाकी कोरडी आणि सेंडर अर्धी सांगतोय. आधी मोजलं असतं तर नवीन मीटर घ्यावंच लागलं नसतं.

सेंडर काढताना बॅटरी सोडवा आणि आजूबाजूची घाण आधी पुसून घ्या, नाहीतर ती थेट टाकीत जाते. बहुतेक सेंडरला पाच स्क्रू असतात आणि त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं, म्हणून तो एकाच दिशेने बसतो. तरी खूण करून ठेवा. मोकळ्या हवेत नेऊन मल्टिमीटर लावा आणि दांडा हाताने हळूहळू फिरवा. आकडा सलग बदलायला हवा. मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर आतली पट्टी झिजलीय, सेंडर बदला. (नळीच्या आकाराच्या सेंडरमध्ये आकडा टप्प्याटप्प्याने बदलतो, तो दोष नाही.) फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुबुक डुबुक आवाज आला तर त्यात इंधन शिरलंय आणि तो तरंगणार नाही. माझ्या फ्लोटमध्ये आवाज नव्हता, पट्टीही ठीक होती. पण दांडा किंचित वाकला होता आणि त्याच्या टोकाला एक चकचकीत ओरखडा होता. टाकीच्या आतल्या आडव्या पत्र्याला तो घासत होता आणि अर्ध्यावर येऊन अडकत होता.

परत बसवताना नवीन नायट्राइलचं (इंधनाला टिकणारं रबर) गॅस्केट घाला. साधं सिलिकॉन लावू नका, पेट्रोल त्याला मऊ करून टाकतं. स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा. मग टाकी भरा आणि फटीभोवती कोरडं फडकं फिरवून बघा.

एक काम राहिलं. टाकीचा तळ निमुळता असेल तर काटा अर्ध्यावर असताना इंधन अर्ध्यापेक्षा बरंच कमी असतं. म्हणून बोट सपाट उभी असताना मी रिकाम्या टाकीत दहा-दहा लिटर ओतत गेलो आणि प्रत्येक वेळी काटा कुठे थांबला ते चिकटपट्टीवर लिहून मीटरखाली लावलं. आता मी काट्याऐवजी ती पट्टी वाचतो.