सातपुड्यात जाताय? नागपूरकरांनो, या चुका टाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की निम्म्या नागपूरला मध्य प्रदेशातली थंड हवेची पचमढी आठवते, पावसाळा लागला की उरलेल्या निम्म्याला. अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर, म्हणून फुटाळा तलावावर चक्कर मारावी तशी माणसं निघतात. गडबड तिथूनच सुरू होते. तुम्ही व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आणि घाटात चालला आहात, हे गाडीत बसण्याआधी डोक्यात हवं.

सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया, मटकुली असा रस्ता आहे. छिंदवाड्याच्या अलीकडचा सिल्लेवानी घाट म्हणजे नुसती रंगीत तालीम. खरी वळणं तामियाच्या पुढे आणि मटकुलीहून वर चढताना लागतात. "दुकान आटोपून चारला निघू, जेवायला पचमढीत" हा हिशेब करू नका. रात्री जनावरं रस्त्यावर येतात, पावसाळ्यात धुकं उतरतं आणि मोबाइलची रेंज नेमकी तेव्हाच जाते. पहाटे निघा, पेट्रोल छिंदवाड्यात भरा, नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. आणि तर्री-पोहे हाणून घाटात बसू नका. पुढचं काय ते मागच्या सीटवरच्या मंडळींना विचारा.

परतीला उतारावर ब्रेक दाबूनच गाडी चालवणारे बरेच दिसतात. गाडी ज्या गिअरमध्ये चढते, साधारण त्याच गिअरमध्ये उतरवायची. जळका वास आला किंवा ब्रेक मऊ लागला, तर सुरक्षित जागी थांबा आणि चाकं आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतायचं नाही. शेजारच्या सीटवरचा जाणकार हा सल्ला हमखास देतो, तो ऐकू नका.

पचमढीतली सगळ्यात जास्त मनस्ताप देणारी चूक म्हणजे स्वतःच्या गाडीने धूपगडला निघणं. धूपगड हे सातपुड्याचं आणि मध्य प्रदेशाचं सर्वांत उंच ठिकाण, सुमारे १३५० मीटर. नागपूर ३१० मीटरच्या आसपास, त्यामुळे हवेतला फरक लगेच जाणवतो. पण तिथे आणि बी फॉल या धबधब्याला जायला वनविभागाचा परवाना आणि नोंदणीकृत जिप्सी, म्हणजे तिथली जीप लागते. सुट्टीच्या दिवशी दहाला उठून चहा पीत चौकशी करणाऱ्याला जिप्सी मिळेलच असं नाही. पोचल्याच्या संध्याकाळी दुसऱ्या दिवसाची सोय लावून टाका. नाहीच मिळाली तर हॉटेलवाल्याशी हुज्जत घालण्यात दिवस घालवू नका. जटाशंकर आणि पांडव गुंफा गावालगतच आहेत. महादेवाचं मंदिर असलेला चौरागडचा डोंगरही आहे, पण हजाराहून जास्त पायऱ्या बारा वाजताच्या उन्हात चढायला घेऊ नका. महाशिवरात्रीला भाविक खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन तो चढतात. ती श्रद्धा, तो सराव. आपण सकाळी लवकर सुरुवात करावी, पाणी सोबत घ्यावं आणि बिस्किटांची पिशवी माकडांना दिसेल अशी हातात लटकवू नये.

नागद्वारी यात्रेची गोष्ट निराळी. नागपंचमीच्या सुमाराला मोजके दिवस ती वाट उघडते, एरवी बंद. विदर्भातून लोक लोटतात. घरचे जाऊन आलेत म्हणून नव्या चपला घालून निघू नका. ओला खडक, चिखल, उभ्या चढणी आणि वर गर्दी. जुने, पकड असलेले बूटच कामाचे.

धबधब्याच्या बाबतीत जरा कडक बोलतो. तुमच्या डोक्यावर ऊन असलं, तरी वरच्या पठारावर पाऊस कोसळत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काड्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज वाढला, की सामान तिथेच टाकून काठाच्या वर या. सेल्फी राहू दे. शेवाळलेल्या वालुकाश्मावर कुठलाही बूट टिकत नाही.

कड्यांना आग्या मोहोळ असतं. तिथे धूर, दगडफेक, आरडाओरडा नको, अंगावर अत्तरही नको. माश्या उठल्याच तर हात झटकत उभं राहू नका. तोंड-डोकं कापडाने झाकून लांब पळा, बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. खूप डंख झाले, श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

वाटेत तामियाजवळ पाताळकोट ही खोल दरी आहे. वरून फोटो काढून परत फिरणारे निम्मी मजा सोडतात, पण न विचारता खाली उतरणारे त्याहून वाईट. खाली भारिया आदिवासींची गावं आहेत, ते काही प्रदर्शन नाही. अंगणात शिरण्याआधी, फोटो काढण्याआधी विचारा. "औषधी आहे" म्हणून मुळं उपटून आणू नका. वाटाड्या तिथलाच घ्या, मजुरी आधी ठरवा आणि दुपारीच वर यायला निघा. खोल दरीत अंधार लवकर पडतो आणि चढायला उतरण्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो.