काथवटीसाठी लाकूड कसे निवडावे

भाकरीचे पीठ मळण्याची काथवट रोज भिजते आणि रोज वाळते, त्यामुळे तिच्या लाकडाची कसोटी दारे-खिडक्यांच्या लाकडाहून वेगळी असते. ते नुसते टिकाऊ असून भागत नाही. ओले-सुके होताना ते कमीत कमी फुगले-आक्रसले पाहिजे आणि पिठाला त्याचा वास, रंग वा कडवटपणा लागता कामा नये.

प्रथम झाड ठरवावे. शिवण मिळाली तर शोध तिथेच थांबवावा, कारण ती हलकी असते, वाळताना फारशी वाकत किंवा तडकत नाही आणि वाकस व पटाशी ही तासण्या-कोरण्याची हत्यारे तिच्यावर सहज चालतात. फणसाचा पिवळा गाभाही उत्तम. वापरता वापरता तो तपकिरी होतो. आंबा सहज मिळतो, पण ओला पडून राहिल्यास त्यावर बुरशीचे काळपट डाग पडतात, म्हणून तोडल्यावर लगेच चिरून वाळत घालावा. जांभळाचे लाकूड पाण्यात टिकते, म्हणून ते पूर्वी विहिरीच्या तळाशी घालत. त्यावरून भांड्यालाही तेच चांगले असा अनेकांचा समज होतो, मात्र वाळताना ते वाकते आणि चिरते. बिबळा, म्हणजे बिजासाल या झाडाचे लाकूड पाण्यात रंग सोडते. बिब्बा, विषारी काजरा (कुचला) आणि खाडीकाठचा गेवा मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावेत. बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात आणि गेव्याचा चीक डोळ्यांना अपाय करतो.

लाकूड अमावस्येच्या सुमारास तोडावे असे जुने लोक सांगतात. चंद्राचा भाग बाजूला ठेवला, तरी हिवाळ्यात तोडणे खरोखरच सोयीचे असते, कारण पावसाळ्यातल्या दमट हवेत बुरशी धरते आणि उन्हाळ्यात ओंडक्याची टोके झपाट्याने सुकून फाटतात. झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी आंबा, चिंच, साग यांसारख्या झाडांना 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्यानुसार आधी परवानगी घ्यावी लागते.

आता ओंडक्याचा कापलेला भाग पाहावा. भेंडापासून, म्हणजे अगदी मधल्या मऊ भागापासून, चांदणीसारख्या चिरा फुटलेल्या असतील, तर तो ओंडका नाकारावा. चांगला ओंडका उभा चिरून भेंड काढून टाकावे, कारण ते काथवटीच्या तळात राहिले तर चीर हमखास तिथूनच सुरू होते. सालीलगतचे पांढरे लाकूडही शक्यतो टाळावे. त्यातल्या पिष्टावर कीड जगते, आणि छोट्या भोकांतून पिठासारखा भुसा गळू लागला, की ती आत शिरलेली आहे असे समजावे.

झाडाची खात्री नसेल, तर लाकडाचा कपचा चाखून पाहू नये. त्याऐवजी मूठभर कपचे स्टीलच्या वाटीत कोमट पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी पाण्याला गडद रंग किंवा उग्र वास आला, तर ते लाकूड खाण्याच्या भांड्याला वापरू नये.

निवडलेल्या तुकड्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा शेण-मातीचा लेप द्यावा आणि तो सावलीत, हवेशीर जागी, जमिनीपासून उचलून ठेवावा. दर आठवड्याला त्याचे वजन करावे. वजन उतरायचे थांबले, की लाकूड कोरायला घेण्याजोगे झाले.