कडक भाकरीचं युनिट वाढवताना: ३५ टक्के अनुदान कसं मिळवलं

मंगळवेढ्याजवळच्या गावात माझं कडक भाकरीचं युनिट आहे. सुरुवात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, सहा बायका आणि दोन गॅसच्या भट्ट्या. आता चौदाजणी आहेत, थ्री फेज मीटर आहे आणि पीठ आम्ही आमचंच दळतो. मधल्या काळात केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेचं, म्हणजे पीएमएफएमईचं, अनुदान मंजूर झालं. ही बातमी पसरल्यापासून आठवड्याला दोन-तीन फोन ठरलेले. आणि प्रश्नही ठरलेला, "वहिनी, किती मिळाले?"

हातात काही मिळालं नाही. हे अनुदान कर्जाला जोडलेलं असतं. कर्ज बँक देते, हप्ते आपण भरतो आणि अनुदान बँकेत वेगळ्या खात्यावर पडून राहतं. तीन वर्षं युनिट चालू राहिलं आणि कर्ज खातं थकलं नाही, तर ते कर्जातून वळतं होतं. म्हणून माझा पहिला सल्ला लोकांना आवडत नाही: अनुदान शून्य आहे असं धरून हिशेब मांडा. तरीही हप्ता निघत असेल तरच पुढं वाचा.

आता आकडे. पात्र खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे साधारण साडेअठ्ठावीस लाखांच्या वर खर्च नेला तरी अनुदान वाढत नाही. स्वतःचे निदान १० टक्के घालावे लागतात. जागेची किंमत यात धरत नाहीत, आणि बांधकाम पात्र खर्चाच्या ३० टक्क्यांपुढं चालत नाही. खेळतं भांडवल अनुदानात येत नाही, त्यासाठी बँकेकडं कॅश क्रेडिट, म्हणजे लागेल तसं उचलायचं कर्ज, वेगळं मागायचं. नवीन युनिटला जसं मिळतं तसं चालू युनिट वाढवायलाही मिळतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एका कुटुंबात एकालाच, म्हणजे नवरा-बायकोच्या नावानं दोन फायली करायच्या भानगडीत पडू नका.

माझं असं होतं. पल्व्हरायझर (पीठ दळायचं मशीन) १,१०,०००, पीठ मळायचं मशीन ९०,०००, भाकरी दाबायचं मशीन ३,८०,०००, ड्रायर २,७०,०००, सीलिंग-पॅकिंग ७०,०००. फरशी, वायरिंग, ओटा मिळून १,८०,०००. बेरीज ११ लाख. माझे १,१०,०००, बँकेचे ९,९०,०००, अनुदान ३,८५,०००. पण मी वहीत हप्ता मांडला तो पूर्ण ९,९०,००० वर: ११ टक्क्यांनी पाच वर्षं, महिना साडेएकवीस हजार. ते वहीचं पान अजून आहे, वरच्या कोपऱ्यात तेलाचा डाग आहे त्याच्या.

अर्ज ऑनलाइन असतो आणि फुकट असतो. कृषी विभागानं जिल्ह्यात "जिल्हा संसाधन व्यक्ती" नेमलेल्या असतात. त्यांची यादी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात मिळते. अर्ज भरणं, प्रकल्प अहवाल करणं, बँकेत पाठपुरावा, सगळं त्यांचं काम. त्यांना मंजूर झालेल्या प्रत्येक कर्जामागं २०,००० रुपये सरकार देतं, आपण नाही. मला हे माहीत नव्हतं तेव्हा चहाच्या गाड्यावर एकजण भेटला होता. "फाइल माझ्याकडं द्या, अनुदानाच्या दहा टक्के द्या, बाकी बघायचं नाही." म्हणजे साडेअडतीस हजार. मी जवळजवळ हो म्हटलं होतं. सासूबाईंनी विचारलं, "एवढं सोपंय तर तो स्वतः का भाकरी लाटंना?"

योजना जून २०२० मध्ये आली, मूळ मुदत २०२४-२५ पर्यंतची, पुढं वाढवली गेली. म्हणून पळापळ करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात जाऊन एवढंच विचारा की या वर्षी पोर्टल चालू आहे का आणि जिल्ह्याचं लक्ष्य, म्हणजे यंदा मंजूर करायच्या प्रकरणांचा आकडा, शिल्लक आहे का.

कागदपत्रांवर फार लिहीत नाही, यादी पोर्टलवर दिसते. आधार, पॅन, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, लाइट बिल, बँक स्टेटमेंट, उद्यम नोंदणी (ही पण फुकट, कुणाला हजार रुपये देऊ नका), अन्न परवाना. उलाढाल वाढणार असेल तर साध्या नोंदणीवरून परवान्यावर जावं लागेल का, हे आधीच बघून ठेवा. नावाचं स्पेलिंग सगळीकडं एकच आहे ना, तेही. माझ्या पॅनवर माहेरचं आडनाव होतं, त्यात दीड महिना गेला.

खरी अडचण बँकेत येते. आमचा सगळा धंदा रोखीचा. सोलापूरचे दुकानदार आठवड्याला येणार, भाकऱ्या उचलणार, नोटा मोजून देणार. रोज सातशे भाकऱ्या विकत होतो आणि पासबुक बघितलं तर वाटावं ही बाई काहीच करत नाही. शाखाधिकारी साहेब वाईट बोलले नाहीत, फक्त पासबुक उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. त्या दिवशी घरी येऊन मी चालू खातं उघडायचा फॉर्म भरला, दुकानदारांना क्यूआर कोड दिला आणि आठ महिने एक रुपया खात्याबाहेर घेतला नाही. दोघं दुकानदार कुरकुरले, एकानं माल बंद केला. पण आठ महिन्यांनी त्याच टेबलावर स्टेटमेंट ठेवलं तेव्हा बोलणंच वेगळं झालं. तुम्ही पुढच्या वर्षी वाढवायचं म्हणत असाल तर हे काम आज सुरू करा. बाकी सगळं नंतर करता येतं, जुनी विक्री मागून खात्यात दाखवता येत नाही.

साहेबांचा दुसरा प्रश्न होता, "वाढवून विकणार कुणाला?" भरडधान्य वर्षात, २०२३ साली, ज्वारीचं कौतुक फार झालं, पण कौतुकावर कर्ज मिळत नाही. मी पुण्याच्या दोन दुकानांची आणि एका खानावळीची ऑर्डरची पत्रं नेली होती. साध्या लेटरहेडवर, महिन्याला किती आणि कोणत्या भावानं एवढंच लिहिलेलं. त्यांचा उपयोग प्रकल्प अहवालाच्या चाळीस पानांपेक्षा जास्त झाला.

त्या अहवालात एक रकाना असतो: रोजगारनिर्मिती. माझ्या पहिल्या मसुद्यात तिथं २५ छापून आलं. करून देणारा म्हणाला, आकडा मोठा असला की फाइल चांगली दिसते. मी तिथंच मोबाइलवर गुणाकार केला. २५ जणी, ४५० रुपये हजेरी, २६ दिवस: २,९२,५०० रुपये पगार. माझी महिन्याची विक्रीच तेव्हा सातशे भाकऱ्या, दहा रुपये, २६ दिवस, म्हणजे १,८२,००० होती. बँकेनं हा गुणाकार केला असता तर फाइल तिथंच बंद. मशीन पूर्ण चाललं तर दिवसाला दोन हजार भाकऱ्या, विक्री ५,२०,०००. त्यात चौदाजणींचा पगार १,६३,८०० बसतो, ज्वारी, गॅस, लाइट, पॅकिंग आणि हप्ताही बसतो. म्हणून मी लिहिलं: आहेत सहा, वाढणार आठ. आणि दहा माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), वीस झाली की पीएफ येतो, ते पण याच कागदावर धरा.

मशीन आणायच्या आधी आमच्या बायका घाबरल्या होत्या. थापायला मशीन आलं तर आपलं काय? झालं उलटंच. मशीन नुसतं दाबतं. शेकणं, उलटणं, वाळवणं, फुटक्या वेगळ्या करणं, मोजून पाकिटात भरणं, हे सगळं हातानंच. पूर्वी थापणारीची वाट शेकणारी बघायची, आता मशीन शेकणारीची वाट बघतं. आठ नव्या बायका लागल्या त्या तव्यावर आणि पॅकिंगला.

मशीनबद्दल मात्र सावकाश सांगते, कारण इथंच पैसे बुडतात. विक्रेत्यानं डेमो दाखवला तो गव्हाच्या कणकेवर. झकास गोल, पातळ, कुठं चीर नाही. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, हे भाकरी थापणाऱ्या कुणालाही माहीत आहे, पण डेमोच्या वेळी माझ्याही लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा गेले तेव्हा दहा किलो मालदांडी ज्वारीचं पीठ पिशवीत घेऊन गेले. गार पाण्यात मळलेल्या पहिल्या वीस भाकऱ्यांच्या कडा फाटल्या, उचलताना निम्मी हातात, निम्मी पट्ट्यावर. मग त्यांच्या स्टोव्हवर पाणी उकळवून त्यात पीठ भिजवलं, दाबायच्या प्लेटमधलं अंतर थोडं वाढवायला लावलं, तेव्हा कुठं भाकरी धड उतरली. कोटेशनवर मी वाक्य लिहून घेतलं: "ज्वारीच्या पिठावर चाचणी दिल्यानंतरच उर्वरित रक्कम." तुमचं काहीही असो, पापड, चिक्की, मसाला, आपला कच्चा माल घेऊन चाचणीला जा. कोटेशनं निदान दोन-तीन ठिकाणची घ्या, जीएसटी वेगळा दाखवून घ्या.

आणि माझी चूक. ड्रायरवाल्यानं सांगितलं, भाव वाढणार आहेत, आजच बुक करा. मी ५०,००० रोख दिले, साधी पावती घेतली. कर्ज मंजूर झालं त्याच्या आधीची तारीख. बँकेनं ती रक्कम ना माझ्या हिश्श्यात धरली, ना खर्चात. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत ॲडव्हान्स देऊ नका, आणि दिलात तर खात्यातूनच द्या.

मंजुरीनंतर बँकेला दोन गोष्टी लेखी विचारा. एक, अनुदानाची रक्कम आली की तेवढ्या कर्जावर व्याज थांबणार का. आमच्या बँकेनं थांबवलं, पण मी आठवण केल्यावर. दोन, केंद्राच्या कृषी पायाभूत सुविधा निधीची ३ टक्के व्याजसवलत याच कर्जाला जोडता येईल का. दोन्ही योजना एकत्र घ्यायची सोय केलेली आहे, मात्र अर्ज वेगळा करावा लागतो आणि स्वतःहून कुणी सांगत नाही.

खाण्याचं काही बनवत नसाल तर ही योजना तुमची नाही. तुम्ही जिल्हा उद्योग केंद्रात जा. पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम) किंवा मुद्रा योजनेतून आधी कर्ज घेऊन फेडलेलं असेल आणि युनिट नफ्यात असेल तर विस्तारासाठी दुसरं कर्ज मिळतं. उत्पादनाला एक कोटीपर्यंतचा प्रकल्प आणि आपल्याकडं १५ टक्के अनुदान. मोठं वाढवायचं असेल तर राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेबद्दल तिथंच विचारा, तालुका कोणत्या वर्गात येतो त्यावर सवलती ठरतात.

हजेरीपुस्तक पहिल्या दिवसापासून ठेवा आणि पगार खात्यावर टाका. पाहणीला माणूस येतो, मशीनचे फोटो काढतो, किती बायका कामावर आहेत बघतो. आमच्याकडं नेमका नागपंचमीच्या दिवशी आला, शेडमध्ये मी एकटी. हजेरीपुस्तक दाखवलं म्हणून निभावलं.

अनुदान वळतं व्हायची ती तीन वर्षं कर्जाच्या शेवटच्या उचलीपासून मोजतात, पहिल्या नाही. पॅकिंग मशीनची काय घाई, पावसाळ्यात भाकरी तशीही सादळते, असं म्हणून मी ते ७०,००० सात महिने उशिरा उचलले. त्या एका मशीनपायी माझे ३,८५,००० सात महिने पुढं गेले.