बंब भडकतो, पाणी मात्र कोमटच? या चुका टाळा

मागल्या श्रावणात आमच्या बंबानं, म्हणजे मधल्या नळीत जाळ घालून पाणी तापवायच्या तांब्याच्या भांड्यानं, मान टाकली. पाऊण तास जाळ घातला, परसभर धूर, डोळ्यांना धारा, आणि बादलीत पाणी जेमतेम कोमट. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात असं पाणी अंगावर घेतलं की दात वाजतात. घरात गिझरचा ठराव पास व्हायच्या बेतात होता. तेवढ्यात शेजारच्या अज्जी आल्या. बंबाकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. जळणाच्या ढिगातलं एक लाकूड उचललं, हातात तोललं आणि कानडीत म्हणाल्या, "कट्टिगी हसी अदाव." लाकडं ओली आहेत.

बंबाच्या दहा तक्रारींतल्या सात-आठ इथंच संपतात, असं आता माझं मत झालंय. साधा हिशेब बघा. 20 लिटर पाणी 20 अंशांवरून 45 वर न्यायला 500 किलोकॅलरी उष्णता लागते. लाकडात मुरलेलं एक लिटर पाणी तापवून त्याची वाफ करायला लागते 620. म्हणजे ताज्या तोडीच्या दोन किलो लाकडात एक लिटर पाणी असेल, तर एका माणसाच्या आंघोळीपेक्षा जास्त ऊब ते पाणी आटवण्यातच जाते. आपण धूर बघत बसतो.

चूक नेमकी होते ती मे महिन्यात. काजूची छाटणी, अकेशियाचे ओंडके घरी येतात आणि अख्खेच रचले जातात. साल असलेला जाड ओंडका वर्षभरही आतून ओला राहतो. मेपर्यंत थांबू नका, शिमग्याच्या आधीच आणून फोडा, मनगटाएवढ्या फाट्या करा, खाली दोन दगड नाहीतर बांबू टाकून जमिनीपासून उचलून रचा. मृग लागायच्या आत ढीग पडवीत. वर पत्रा पुरे. ताडपत्री चारी बाजूंनी गुंडाळू नका, आतला ओलावा आतच कोंडतो आणि लाकडाला बुरशी धरते. वाळलंय की नाही ते कळायला दोन फाट्या एकमेकींवर आपटा. खणखणीत आवाज आला तर ठीक, दबका आला तर थांबा. पेटल्यावर टोकाला फेस आला, सूं-सूं आवाज आला, तर ते लाकूड अजून तयार नाही. शंकेखोर माणसांनी एक फाटी दर आठवड्याला वजन काट्यावर ठेवावी. वजन उतरायचं थांबलं की वाळली.

पावसात अडलंच तर उद्याच्या जळणाची एक खेप आज चुलीजवळ ठेवा, पण ठिणगी उडणार नाही एवढ्या अंतरावर.

दुसरी चूक म्हणजे बंबाची नळी गळ्यापर्यंत कोंबणं. जाळ मोठा तर पाणी लवकर, असं वाटतं खरं. पण हवा खालच्या जाळीतून वर जायला हवी. नळी भरली की हवा कोंडते, लाकूड जळण्याऐवजी धुमसतं. उलट तुराट्या, चिपाडं यांचाच जाळ घातला तर तो भसकन वर जातो आणि ऊब आभाळाला देऊन येतो. पेटवायला करवंटी, चिपाडं. नंतर दोन-तीन फाट्या, मधूनमधून एकेक. निखारे धरले की नळीचं तोंड झाकणानं अर्धं झाका. पूर्ण नाही. खालची राख रोज काढा. तीच तुंबली असते आणि आपण वरून फुंकणी घेऊन झगडतो.

सणाला आमच्याकडे बंब चिंच-मिठानं असा लखलखतो की तोंड बघावं. आतल्या नळीला मात्र वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही! उष्णता तिथूनच पाण्यात जाते आणि तिथंच काजळीचा थर बसतो. काजळी ऊब अडवते. बंब गार असताना नारळाच्या काथ्यानं महिन्यातून एकदा ती खरवडा. सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा दुधाची पिशवी घालून पेटवायची सवय असेल तर ती सोडा, चिकट काजळी त्यानंच धरते आणि धूरही विषारी.

पूर्वेला काळ्या रानात बोअरचं पाणी जड असतं, तिथं आतून पांढरा क्षारही बसतो. लिंबूसत विरघळवलेलं पाणी तासभर भरून ठेवा आणि दोनदा खळखळून ओता.

आता जिवाची गोष्ट. पावसात बंब आत घेऊन न्हाणीचं दार लावू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस आंघोळ करता करताच बेशुद्ध पडतो. परसात किंवा उघड्या पडवीत पेटवा, पाणी बादलीनं आत न्या. नरसाळं आणि तोटी दोन्ही एकाच वेळी कधीही बंद करू नका, वाफेला वाट हवी.

आणि पाणी भरल्याशिवाय काडी ओढू नका. कोरडा तापला की सांध्यांचा डाग, म्हणजे झाळ, सुटतो, मग तांबटाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. शेवटची आंघोळ झाल्यावरही निखारे असतात, तेव्हा नरसाळ्यातून दोन-चार तांबे ओतून ठेवा. आमच्याकडे त्यावर खरकटी भांडी निघतात.